तिसरं तिकीट सायकलचं

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली येईल आणि ओळ लिहिता लिहिता खाली उतरत जाईल. चौथीच्या पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात होती, तिकडे मुली जात नसत, म्हणून माझी पाटी तिथेच ठेवली गेली. त्यानंतर मी लिहिलं ते वाणसामान आणि पोळ्यांचा हिशेब. तेव्हा चुकेल तिथे माफी असावी. माफी कोणाकडे मागते आहे ते मलाही ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. पण काल पोळ्या लाटता लाटता एकटीच हसले. मुलीने विचारलं काय झालं, तर मला सांगताच येईना. बोलायला गेले की मी अडते. लिहिताना समोर कोणी नसतं.

हसू आलं ते वसईच्या फुलवाल्या मावशीच्या एका रुपयाचं. तो रुपया मी तिला देणं लागत होते आणि देत नव्हते. तो जवळ नव्हता म्हणून नव्हे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही काशीगावात भाड्याच्या खोलीत राहायचो. शेजारच्या खोलीत माझी थोरली जाऊ. तिला मी ताई म्हणते. हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होते, आणि मी पूनम सागरमधल्या नोकरीवाल्या घरांना पोळ्या करून द्यायचे. संध्याकाळी कापडी पिशव्या घेऊन जायचं, दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल एकदा दाबायची आणि दार उघडायच्या आत जिना उतरायचा. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी मला पाहिलेलंच नव्हतं. महिन्याचे पैसे रिकाम्या पिशवीतून यायचे. कमी आले तर ताई जाऊन विचारायची. ती म्हणायची, "तुझ्या पोळ्या बोलतात म्हणून बरं, नाहीतर लोकांना वाटलं असतं, पिशव्या भूतच आणून ठेवतं."

पिशव्या वाढल्या, पाय दुखायला लागले, तेव्हा यांनी कारखान्यातल्या एकाची वापरलेली लेडीज सायकल आणली. हिरवी. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. चालवायला मला ताईने शिकवलं, आणि ताईला स्वतःला सायकल येत नव्हती. नव्या बिल्डिंगींसाठी एक रस्ता करून ठेवला होता, बिल्डिंगी अजून यायच्या होत्या. त्या रस्त्यावर रविवारी सकाळी ती मागून कॅरिअर धरून धावायची आणि ओरडायची, "खाली बघू नकोस, पुढे बघ, खाली मी बघते." एकदा मी वळून पाहिलं तर ती मागे कोपऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. मी लगेच पडले. पण त्या दिवसापासून यायला लागली.

गावाकडचे पाहुणे आले की आम्ही त्यांना समुद्र दाखवायला बसने डोंगरीच्या बाजूला न्यायचो. तिथून खाडीच्या तोंडापलीकडे झाडांची एक गर्द रांग दिसायची, मधून काळी तटबंदी. ती वसई. दर वेळी मी ती बघत राहायचे. पलीकडे जायचं तर सायकलला रस्ता नव्हता. हायवेचा पूल होता, पण तिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. उरली रेल्वे.

हे मी कधी बोलले नव्हते. ताईने ओळखलं. एका शनिवारी कणीक मळताना म्हणाली, "आठवडाभर लोकांच्या पोळ्यांसाठी पाय मारतेस. उद्या स्वतःसाठी मार. सायकल गाडीत टाकू, वसईला उतरू, तू चालव, मी मागे बसते."

"सायकल गाडीत घेतात?"

"मासे घेतात, भाजी घेतात, एकदा तर बकरी बघितली मी. सायकलनं काय घोडं मारलंय?"

हे म्हणाले, "जा की. मुलीला मी सांभाळतो. फक्त संध्याकाळी परत या, मला भात सोडून काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही मीरा रोड स्टेशनवर गेलो. ताई सायकल धरून बाहेर उभी राहिली, मी तिकिटाच्या खिडकीशी. सायकलला तिकीट लागत असणार हे मला कळत होतं. फुकट कोण नेतं? पण ते कसं मागायचं, त्याला काय म्हणतात, हे माहीत नव्हतं. मागे लोक उभे, आतला बाबू पेन टेबलावर आपटतोय. मला विचारवेना. मी म्हटलं, "तीन वसई."

बाहेर आल्यावर ताईने तिकिटं मोजली. "तिसरं कुणाचं?"

"सायकलचं."

ताई म्हणाली, "बरोबर आहे. अर्ध्या तिकिटाच्या वयाची तर ती दिसत नाही."

पुलावरून पलीकडच्या फलाटावर सायकल खांद्यावर घेऊन गेलो. पुढचं चाक माझ्याकडे, मागचं ताईकडे. वरून उतरणारा एकजण हसून म्हणाला, "भाभी, सायकल चला के जाते, उठा के नहीं." ताई थांबली नाही. "चढाई है ना भैया, इसको थोडा आराम दे रहे है."

सामानाच्या डब्यात मी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. विरारची गाडी आली, ताईने आधी सायकल आत लोटली, मग मला, मग स्वतः चढली. डब्यात गर्दी नव्हती. वसई-विरारच्या बायका पहाटे फुलं, भाजी, केळी घेऊन मुंबईला जातात आणि माल विकून त्या वेळेला परतत असतात, हे मला नंतर कळलं. रिकाम्या टोपल्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या, आणि बायका खाली चुंबळीवर पाय पसरून बसलेल्या. कोणी पान लावतंय, कोणी उरलेल्या शेवंतीच्या पाकळ्या निवडतंय. मी सायकल धरून दाराशीच उभी राहिले.

"दाराशी नको," एक म्हातारी म्हणाली. लहानखुरी, काळी, केसात अबोलीचा वळेसर. "दाराशी ज्याला आधी उतरायचं त्याची पाटी. तुला कुठं उतरायचं हाय?"

मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "वसई."

"मग आत घे. नायगाववाल्या पहिल्या."

मी सायकल आत घेतली. दोन मिनिटांत तिच्या हँडलला दोन पिशव्या, कॅरिअरवर एक टोपली आणि सीटवर कोणाचं तरी वाळत घातलेलं फडकं आलं. विचारलं कोणीच नाही. "डब्यात आली की सगळ्यांची," म्हातारी म्हणाली. तिला सगळ्या मावशी म्हणत होत्या. मावशीच्या मांडीवर एक पत्र्याची गोल डबी होती आणि प्रत्येक जण तिच्यात नाणं टाकत होती. मला वाटलं देवाची वर्गणी.

भाईंदर गेलं आणि गाडी खाडीच्या पुलावर आली. दोन्ही बाजूंना पाणी, मोठ्या दारातून थेट अंगावर वारा. मी सायकलचं हँडल घट्ट धरून उभी होते आणि मला वाटलं, पाण्यावरून मीच चालवत नेतेय. ताई काहीतरी सांगत होती, ऐकू येत नव्हतं. मी उगाचच मान हलवत राहिले.

वसईला उतरलो आणि फलाटावर तपासणी लागलेली. काळे कोट पाचसहा, एक मोठे साहेब बाजूला खुर्ची टाकून बसलेले. बायकांनी आपले पास दाखवले, टोपल्यांचे वेगळे पास दाखवले. आमच्याकडे आलेला टीसी तरुण होता, आवाज सौम्य.

"ताई, तिकीट?"

ताईने तिन्ही तिकिटं ऐटीत पुढे केली.

"दोघी आहात. हे तिसरं?"

"सायकलचं," ताई म्हणाली.

त्याने तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. ओठ दाबून धरले, पण हसू डोळ्यांत आलंच. "ताई, हे माणसाचं तिकीट आहे. सायकलला सामानाचं तिकीट लागतं. वेगळं असतं."

"माणसाचं महाग की सामानाचं?"

"तो प्रश्न नाही."

"सायकल सीटवरसुद्धा बसली नाही हो. सगळा वेळ उभी होती."

मागे बायका खो खो हसल्या. टीसीने साहेबांकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "एरवी सोडलं असतं. आज समोर बसलेत. पावती करावी लागेल."

दंड आणि भाडं मिळून दोनशे साठ रुपये झाले. आमच्या दोघींच्या कनवटीला मिळून शंभराच्या वर थोडे होते, तेही परतीचे आणि दिवसभराचे. माझे कान तापले. मला सगळा फलाट आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि थोडे लोक खरंच बघत होते. मी ताईला म्हटलं, परत जाऊ. पण दंड भरल्याशिवाय परत तरी कसं जाणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मावशी पुढे आली. डबी उघडून तिने तिथेच फलाटावर बसकण मारली आणि नोटा, नाणी मोजून टीसीच्या हातात ठेवली. "घे रे पोरा. चिल्लर हाय, पण खरी हाय." मग मला म्हणाली, "दिवस घरातून काढून आणलाय ना? मग तो फलाटावर घालवू नको."

ताई म्हणाली, "मावशी, आम्ही पुढच्या रविवारी आणून देतो सगळे."

"सगळे न्हाय घेत आम्ही."

तेव्हा डबीचं कळलं. डब्यातल्या बायका रोज एकेक नाणं टाकायच्या. कोणाला दंड झाला, कोणाचा माल सडला, कोणाचं पोर दवाखान्यात, की त्यातून काढायचं. आणि ज्याच्यासाठी काढलं त्याने फेडायचं ते दहा दहा रुपयांनी, एका खेपेला दहा, डब्यात बसून. एकरकमी चालत नाही. मावशी म्हणाली, "एकदम देणारा पुन्हा तोंड दाखवत न्हाय. आम्हाला पैसे हवे हाय तसं माणूसबी हवं. दहा दहा दे. आन् तुझी खेप सायकलसकट. सायकलपायी काढलेत."

मी मान हलवली. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी कबूल केलेली ती पहिली गोष्ट.

मग तो दिवस. तो मी कितीदा तरी मनात काढून बघितलाय, जुनी साडी ट्रंकेतून काढून बघावी तसा. स्टेशनची वर्दळ संपली आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी वाड्या लागल्या. केळी, माड, मधेच एखादी विहीर, एखादं तळं, तळ्यावर बदकं. ताई मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती. वजनदार बाई, पण रस्ता सपाट. थोडा चढ आला की ती न सांगता उतरायची आणि बाजूने चालायची. "घोडं दमलं का?" म्हणून विचारायची. उतार आला की मी घंटी वाजवायचे, समोर कोणी नसलं तरी. एका उतारावर ताई गाणं म्हणायला लागली, आमच्याकडे लग्नात जातं मांडताना म्हणतात ते. घराच्या ओट्यावर बसलेल्या एका आजीने पुढची ओळ म्हटली. आम्ही तोवर पुढे निघून गेलो होतो, पण ती ओळ आम्हाला ऐकू आली.

एका वाडीच्या दाराशी पाणी मागितलं, तर त्या घरच्या बाईने पाण्याबरोबर सुकेळी दिली. वसईची सुकवलेली केळी, मधासारखी. मी "किती पैसे" विचारायचं धाडस करत होते तोवर ताईने दुसरं तोंडात टाकलं. बाई म्हणाली, "सायकलवर आलात? दोघी? कुठून?" मी म्हटलं, "काशीगाव." एवढंच म्हटलं, पण मी म्हटलं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

दुपारी किल्ल्याच्या पुढे खाडीच्या काठाला पोचलो. तिथे होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि समोर पाण्यापलीकडे एक हिरवी टेकडी. ताईने विचारलं, "ते काय?"

होडीला डांबर लावणारा म्हणाला, "डोंगरी. उत्तन."

आमचा किनारा. इतकी वर्षं मी तिथून इकडे बघत होते. आम्ही पोळी-भाजी सोडली आणि समोर बघत जेवलो. ताई म्हणाली, "चांगलं दिसतंय की आपलं. मधली डबकी, गटारं इथून काहीच दिसत नाहीत." मग थोड्या वेळाने, "इथल्या बायकांना वाटत असेल, तिकडे जावं एकदा."

परतताना मी खिडकीवर गेले. या वेळी सायकल ताईकडे देऊन नव्हे, सायकल घेऊनच गेले, म्हणजे समजावायला नको. तरी बोलावं लागलंच.

"सायकलचं सामानाचं द्या."

"काय? मोठ्याने बोला."

"सायकलचं सामानाचं तिकीट," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. बाबूने वर न बघता पावती फाडली. इतकं सोपं होतं ते.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. म्हणजे ताईने सांगितलं, मी भाजी फोडणीला टाकली. हे हसले, पण मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "दुसऱ्याचे पैसे अंगावर नकोत. बोनस आला की एकदम देऊन टाकू." मी म्हटलं, घेत नाहीत. यांना पटलं नाही. पुढल्या रविवारी हे स्वतः माझ्याबरोबर डब्यात चढले, खिशात नोटा घडी घालून.

"मावशी, तुमचे पैसे."

मावशीने नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोण तुम्ही?"

"हिचा नवरा."

"दंड तुम्हाला झालेला का?"

"नाही."

"मग तुमचे पैसे तुमच्या खिशात बरे दिसतात. आन् भाऊ, तुमच्याकडे सामान कुठाय? सामान नसलेला माणूस या डब्यात बसला की त्याला दंड होतो."

सगळ्या हसल्या. हे भाईंदरला उतरून पुढच्या डब्यात गेले. मी दहाची नोट डबीत टाकली. मावशी म्हणाली, "पंचवीस राहिल्या," आणि मला बसायला आपली चुंबळ सरकवली.

अशी मी जात राहिले. दर रविवारी नाही. कधी मुलीला ताप, कधी पाहुणे, कधी ताईचे गुडघे. पण महिन्यातून दोनदा तरी. ताई येत नसेल तेव्हा एकटी. पहिल्यांदा एकटी चढले तेव्हा गाडी येईपर्यंत तीनदा घरी परतायचं ठरवलं होतं. डबा समोर थांबला आणि आतून दोन हात आले, त्यांनी सायकल ओढून घेतली. मग मला चढावंच लागलं. "आलं गं तिसरं तिकीट," कोणीतरी म्हणालं. माझं तेच नाव पडलं होतं.

वसईला उतरल्यावर मावशीच्या टोपल्या मी कॅरिअरवर बांधून तिच्या वाडीपर्यंत नेऊ लागले. एरवी ती रिक्षा परवडत नाही म्हणून चालायची. मी सायकल हातात धरायची, ती बाजूने. वाटेत ती सांगायची, मी ऐकायची. मोगरा कळी असतानाच का तोडायचा. मुंबईत कोणत्या पुलाखालची बाई अबोली जास्त भावाने घेते. तिचा नवरा कसा न बोलता वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी शेंदत होता आणि गेला तेव्हा सगळ्या वाडीला कसं शांत वाटलं. "बोलणारा गेला की आवाज जातो," ती म्हणायची, "न बोलणारा गेला की कळतं, तो किती होता." एकदा मधेच थांबून म्हणाली, "तू बोलत न्हायस ते मला चालतं. पण ऐकतेस का झोपतेस, ते तेवढं सांग." मी म्हटलं, ऐकते. आणि मग, का कोण जाणे, मी तिला माझ्या शाळेचं सांगितलं, नदीपलीकडची शाळा, चौथीची बाई. तिची वाडी आली तरी माझं संपलं नव्हतं. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली, आत सून हाका मारत होती.

तिला पोचवून मग माझा दिवस माझा. मी कुठेही जायचे. कधी भुईगावच्या समुद्राला, कधी नुसतंच वाड्यांमधून, रस्ता संपेल तिथपर्यंत. एकदा पंक्चर झाली. हातात धरून दुकान शोधत मी चार जणांना विचारलं. त्यातले तीन चुकीचं बोलले, पण विचारलं मी.

पोळ्यांच्या पिशव्यांचंही थोडं बदललं. पूनम सागरमधल्या एका दारात कडीला पिशवी अडकवत होते, तर दार उघडलं. एरवी मी पळाले असते. त्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच होय? मला वाटलं, कोणी मुलगी असेल." मी उभी राहिले. त्यांना म्हटलं, या महिन्याचे वीस रुपये कमी आलेत. त्या "अगं बाई" म्हणाल्या आणि आत जाऊन घेऊन आल्या. खाली उतरून मी ताईला सांगायला इतक्या जोरात सायकल हाणली की टोपलीतल्या रिकाम्या पिशव्या उडाल्या.

आणि मग शेवटचे दहा रुपये राहिले.

त्या रविवारी मी निघताना पाकिटात दहाची नोट ठेवली, मग ती काढली आणि सुटे नऊ रुपये घेतले. डब्यात मावशीने मोजले.

"एक कमी हाय गं."

"विसरले," मी म्हटलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या पाकळ्या निवडत होत्या. "पुढच्या खेपेला आण."

पुढच्या खेपेला मी पुन्हा विसरले. त्याच्या पुढच्याला म्हटलं, सुटे नाहीत. एक जण म्हणाली, "सायकल आणायला बरी विसरत न्हाय." दुसरी म्हणाली, "रुपया जड असतो बाई, टोपलीत मावत न्हाय." पण द्याच असं कोणीच म्हटलं नाही. ताई घरी म्हणायची, "अगं, एका रुपयासाठी तू दर वेळी सायकलचं तिकीट काढतेस, तेवढ्यात किती रुपये फिटले असते." मी म्हणायचे, हो ना. सगळा पावसाळा गेला. दर खेपेला मावशी हात पुढे करायची, मी मान हलवायचे, ती डबी बंद करायची. तो आमचा नमस्कारच झाला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चढले तर मावशीच्या शेजारी तिची सून बसलेली. टोपल्या सुनेपुढे होत्या. मावशी नुसतीच बसली होती, हात मांडीत.

"गुडघे म्हणतात बस झालं," ती म्हणाली. "उद्यापासून ही येईल. आज तिला डबा दाखवायला आले." मग सुनेला एकेक करून सांगितलं, ही नायगाववाली, हिची पाटी दाराशी. ही आगाशीची, हिला पान द्यायचं न्हाय, थुंकते. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "हे तिसरं तिकीट. हिचा एक रुपया बाकी हाय."

गाडी पुलावर आली होती. पाणी दोन्हीकडे तसंच, वारा तसाच.

"बाकी ठेवून मी घरी बसू का?" मावशी म्हणाली. "रात्रीची झोप न्हाय यायची मला. डबी हिच्याकडे द्यायचीय, ती पुरी करून दे."

मी म्हटलं, "मग मी येऊ कशी?"

"रविवारी फुलांच्या टोपल्या वाडीत कोण पोचवणार? हिला पायी चालायला लावशील?" सुनेने ओठ दाबून हसू आवरलं. "आन् मी घरीच हाय. आता तर ऐकायला मला वेळच वेळ हाय. चौथीच्या बाईचं अर्धंच राहिलंय तुझं."

रुपया माझ्याकडे होता. पदराच्या टोकाला बांधलेला, पावसाळ्यापासून तसाच. गाठ सुटेना, इतकी घट्ट झाली होती. आगाशीवालीने दाताने सोडवली. मावशीने रुपया हातात घेतला, डबीच्या पत्र्यावर एकदा टणकन वाजवला, म्हणजे सगळ्यांनी ऐकावा. मग आत टाकला, झाकण लावलं आणि डबी सुनेच्या मांडीवर ठेवली.

"फिटले," ती म्हणाली.